गाडीत मुलं बसलेली असताना व्हेप ओढणं: मुंबईत नेमका कुठला कायदा लागतो?

शाळापूल_गोरेगाव

नमस्कार. आमच्या सोसायटीत पाच घरांचा शाळेचा कारपूल आहे. सहा मुलं, वयं ५ ते ११. आठवड्यातून प्रत्येक घराची एक पाळी, सकाळचा फेरा आणि दुपारचा फेरा. पाचांपैकी एका गाडीत चालवणारे पालक मुलं मागे बसलेली असताना व्हेप ओढतात. काच खाली करतात, हात बाहेर धरतात, पण ओढतात.

पालकांच्या ग्रुपवर विषय निघाला तेव्हा तीन मतं पडली. "व्हेपवर देशात बंदी आहे, म्हणजे हा गुन्हाच, सरळ पोलीस ठाण्यात जाऊ." "गाडी खासगी आहे, तिथे कुणी काही बोलू शकत नाही." "तो धूर नाहीच, पाण्याची वाफ आहे."

मला भांडण वाढवायचं नाही. पूलचे नियम कागदावर लिहून पाचही घरांच्या सह्या घ्यायच्या आहेत. त्यात चुकीचं कलम पडलं तर त्या कागदाला कुणी किंमत देणार नाही, म्हणून आधी इथे विचारते. आपल्याकडे नेमकं काय लागू होतं? बाहेरच्या देशांत गाडीतल्या मुलांसाठी वेगळा कायदा असतो म्हणतात, तो व्हेपलाही लागतो का? आणि तब्येतीच्या बाजूने खात्रीचं काय सांगता येईल?

कलम_चार

ताई, पहिली दोन मतं अर्धीअर्धी बरोबर आहेत. तिसऱ्यावर डॉक्टर मंडळींनी बोलावं.

व्हेपसाठी आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे, ई-सिगारेट प्रतिबंध कायदा, २०१९. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगा एरोसोल तयार करणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण तिच्यात येतं. निकोटिन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो, पेनासारखं दिसो की पेन ड्राइव्हसारखं. ई-हुक्का आला, तंबाखूची कांडी तापवणारी उपकरणंही आली. त्यामुळे "माझ्यात निकोटिन नाही, नुसता आंब्याचा फ्लेवर आहे" ही पळवाट नाही.

आता मनाई कशाला आहे ते बघा. कलम ४ मध्ये उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात. कलम ५ मध्ये आपल्या ताब्यातल्या जागेत साठा ठेवू देणं. कलम ४ मोडलं तर पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा मोडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या यादीत ओढणं कुठेच नाही, आणि शेजारी मूल बसलंय म्हणून गुन्हा मोठा होईल अशी तरतूदही नाही. कायदा धंद्याच्या मागे लागला आहे, ओढणाऱ्याच्या नाही.

म्हणून "अमुक माणूस गाडीत व्हेप ओढतो" एवढंच घेऊन ठाण्यात गेलात तर ठाणे अंमलदार विचारणार, कुठल्या कलमाखाली? त्याला उत्तर देणं जड जाईल. हे उपकरण कुठल्या दुकानातून आलं, कोण घरपोच देतो, शाळेच्या आसपास कोण विकतो, हे सांगितलंत तर तो थेट कलम ४ चा मामला आहे आणि दखलपात्र आहे. झडती-जप्तीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. सिग्नलवरच्या हवालदाराने या कायद्याखाली पावती फाडावी अशी सोय नाही.

दुसरा कायदा कोटपा, २००३, म्हणजे सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा केंद्रीय कायदा. कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी, दंड २०० रुपयांपर्यंत. इथे दोन अडचणी आहेत. एक, खासगी गाडी सार्वजनिक ठिकाण नाही. व्याख्येत सार्वजनिक वाहनं आहेत, तुमची-माझी हॅचबॅक नाही. दोन, या कायद्यात धूम्रपान म्हणजे तंबाखूचं धूम्रपान. निकोटिनचा द्रव तापवणं त्यात बसवायला वकिलाला बरीच ओढाताण करावी लागेल. तंबाखूची कांडी तापवणाऱ्या उपकरणाबाबत मात्र युक्तिवाद सोपा आहे, कारण तिथे खरोखरची तंबाखू असते आणि व्याख्येत इतर साधनांनी केलेलं धूम्रपानही धरलं आहे.

बाल न्याय कायदा, २०१५ ची दोन कलमं लोक हटकून काढतात. कलम ७७ मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देण्याबद्दल आहे, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. मोठ्या मुलाच्या हातात कुणी व्हेप दिला तर हे कलम विचारात येऊ शकतं, शेजारी बसून ओढल्याबद्दल नाही. कलम ७५ मुलाशी क्रूरतेचं आहे. त्याला मुलाची हेळसांड आणि विनाकारण त्रास होईल अशी वागणूक दाखवावी लागते. दम्याच्या मुलाला डॉक्टरांनी लेखी सांगूनही रोज बंद गाडीत असं बसवलं तर वकील ते कलम मांडू शकेल, पण कारपूलच्या नियमावलीत ते धमकीसारखं लिहू नका.

मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना हातात मोबाइल वापरण्याचा उल्लेख कलम १८४ मध्ये आहे, व्हेपचा नाही. ढगाने समोरचं दिसेनासं झालं किंवा हात सुटून गाडी वाकडी गेली, तर धोकादायक वाहन चालवणं म्हणून तेच कलम लागू शकतं. मूल गाडीत आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

थोडक्यात कागदावर लिहायला एवढंच सुरक्षित आहे: खासगी गाडीत मुलांसमोर व्हेप ओढण्याला मुंबईत थेट लागू होणारं कलम नाही. म्हणूनच तुमचा लेखी नियम कामाचा आहे. कायद्याने जी जागा रिकामी सोडली आहे ती तुम्हालाच भरायची आहे.

धूरमुक्त_परळ

वरच्या उत्तरात एक भर. २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्टीकरण दिलं की कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात ई-सिगारेट जवळ बाळगणं हे २०१९ च्या कायद्याचं उल्लंघन आहे. त्याच वर्षी मंत्रालयाने तक्रारींसाठी ऑनलाइन पोर्टलही सुरू केलं. त्यामुळे "ओढायला बंदी नाही म्हणजे जवळ ठेवायला हरकत नाही" असं कुणी समजू नये. हातातलं उपकरण कुठून तरी विकत घेतलेलं असणार किंवा परदेशातून आणलेलं असणार, आणि त्या दोन्ही वाटा बंद आहेत. दुबईहून येताना सामानात आणलेला एक नगसुद्धा आयातच ठरतो, विमानतळावर कस्टम्स तो काढून घेऊ शकतं.

कलम_चार

बरोबर, आणि हे सांगायलाच हवं होतं. फक्त लिहिताना भेद ठेवा. "बाळगणं" हा शब्द कलम ४ च्या मजकुरात नाही, तो मंत्रालयाच्या स्पष्टीकरणातला आहे. एका नगावर खटला उभा राहिला तर बचाव पक्ष नेमकं इथेच बोट ठेवणार. म्हणून नियमावलीत "कलम ४ नुसार बाळगणं गुन्हा" असं न लिहिता "आरोग्य मंत्रालयाच्या २०२३ च्या स्पष्टीकरणानुसार बाळगणंही कायद्याविरुद्ध" असं लिहा. वाक्य थोडं लांबतं, पण ते कुणाला खोडता येणार नाही.

अजून एक. या कायद्यात "जागा" या व्याख्येत वाहनही धरलं आहे. पूलच्या गाडीच्या डिकीत कुणी विक्रीचे खोके ठेवले तर गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो साठ्याच्या कलमात अडकू शकतो. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करत बसण्यापेक्षा डिकी रिकामी ठेवलेली बरी.

बालछाती

पाण्याची वाफ या समजाबद्दल. व्हेपच्या द्रवाचा पाया पाणी नसतो, प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. त्यात निकोटिन आणि फ्लेवरची रसायनं. आतली कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, तापली की या सगळ्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. कॉइल जास्त तापली किंवा तिच्याभोवतीचा द्रव शोषणारा कापूस कोरडा पडला की प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तुटून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड तयार होतात. कॉइल आणि डाग दिलेल्या जोडांतून निकेल, क्रोमियम, शिसं, कथिल यांचे अंश येऊ शकतात. जळत्या सिगारेटच्या धुरात घातक घटकांची संख्या आणि प्रमाण खूप जास्त असतं, हे खरं आहे आणि ते मान्य करूनच बोलावं. पण सिगारेटपेक्षा कमी म्हणजे मुलासाठी ठीक, असा अर्थ त्यातून निघत नाही. पाच वर्षांच्या मुलाला त्यातलं काहीही मिळण्याचं कारण नाही.

गाडीत हे जास्त का जाणवतं, ते जागेच्या हिशेबाने कळतं. १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. लहान गाडीच्या आत ढोबळमानाने ३ घनमीटर. तोच झुरका खोलीत सोडला आणि गाडीत सोडला, तर गाडीत सुरुवातीचं प्रमाण नऊ-दहा पट. त्यात मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, पाच वर्षांचं मूल त्याहून जास्त, आणि वजनाच्या मानाने त्याच्या छातीत जाणारी हवाही जास्त. श्वासनलिका अरुंद, म्हणून थोडी सूज आली तरी शिट्टी वाजते.

काच खाली केल्याने प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. काच किती उघडी, गाडीचा वेग किती, एसीचा पंखा कितीवर, मागची काच उघडी की बंद, यावर हवेचा रस्ता बदलतो. पुढच्या खिडकीतून बाहेर सोडलेला ढग मागच्या सीटकडे ओढला जाऊ शकतो. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा तर वाऱ्याचा झोतच नसतो, आणि ओढणारे नेमके सिग्नललाच ओढतात. पावसाळ्यात काचा बंद आणि एसी आतलीच हवा फिरवण्यावर, ही सगळ्यांत वाईट स्थिती.

आणखी एक गैरसमज: ढग दिसेनासा झाला म्हणजे गेला. ते थेंब काही सेकंदांत सुकतात, म्हणून दिसत नाहीत. निकोटिन हवेत राहतं आणि सीटच्या कापडावर, छताच्या अस्तरावर, सीट बेल्टवर बसतं. लहान मुलं बेल्ट चघळतात, सीटवर हात घासून तोच हात तोंडात घालतात. हवेतल्या नायट्रस आम्लाशी या साचलेल्या निकोटिनची क्रिया होऊन नायट्रोसामाइन तयार होतात, त्यातली काही कर्करोगकारक आहेत. म्हणून "मुलं चढायच्या आधी ओढतो" हेही पुरेसं नाही.

आता ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते: द्रव. ५ टक्के निकोटिनच्या २ मिलिलिटरच्या पॉडमध्ये, म्हणजे द्रव भरलेल्या छोट्या डबीत, १०० मिलिग्रॅम निकोटिन असतं. लहान मुलाला काही मिलिग्रॅमनेही लक्षणं दिसू शकतात. रंगीत, गोड वासाचं पॉड कप होल्डरमध्ये पडलेलं असेल तर पाच वर्षांचं मूल ते तोंडात घालणारच. मळमळ, उलटी, लाळ गळणं, घाम, चेहरा पांढरा पडणं ही सुरुवात, पुढे झटके आणि श्वास मंदावणं. गिळलं असेल तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मिठाचं पाणी देऊ नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा, कारण निकोटिन कातडीतूनही आत जातं. पॉड किंवा बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात. रुग्णवाहिका १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, तो पूलमधल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

सीमेपल्याड

बाहेरच्या देशांबद्दल विचारलंय म्हणून. सगळीकडे एकच नियम नाही, आणि फरक जवळजवळ नेहमी धूम्रपानाच्या व्याख्येत असतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचं कुणी गाडीत असेल तर बंद गाडीत सिगारेट ओढायला मनाई आहे. काच उघडी असली, सनरूफ उघडं असलं तरी नियम लागतो. छत पूर्ण दुमडलेली कन्व्हर्टिबल तेवढी सुटते. इंग्लंडमध्ये दंड ५० पौंड, आणि ओढणारा वेगळा, चालवणारा वेगळा, दोघांनाही होऊ शकतो. पण २०१५ चा हा नियम ई-सिगारेटला लागत नाही, कारण त्याच्या मुळाशी असलेल्या २००६ च्या कायद्यात धूम्रपान म्हणजे पेटवलेला पदार्थ. स्कॉटलंडचा नियम ५ डिसेंबर २०१६ चा, दंड १०० पौंड, तोही तंबाखूपुरता.

न्यूझीलंडने २८ नोव्हेंबर २०२१ पासून नियम आणला तेव्हा व्हेप सुरुवातीपासूनच आत घेतला. १८ खालचं मूल गाडीत असेल तर सिगारेटही नाही, व्हेपही नाही. गाडी चालती असो वा उभी, काच उघडी असो वा बंद. दंड ५० डॉलर, प्रकरण कोर्टात गेलं तर १०० डॉलरपर्यंत. ऑस्ट्रेलियात राज्यागणिक वय बदलतं. न्यू साउथ वेल्समध्ये १६ खालचं मूल असेल तर ई-सिगारेटलाही मनाई, जागेवरचा दंड २५० डॉलर. व्हिक्टोरियात १८. कॅलिफोर्नियात १८ खालच्यांसाठी मनाई, २०१६ पासून व्हेपसुद्धा, दंड १०० डॉलरपर्यंत, पण पोलीस फक्त या कारणासाठी गाडी थांबवू शकत नाहीत. दुसऱ्या कारणाने थांबवली तरच हे लावता येतं. कॅनडाच्या ऑन्टारियोत १६ खालचं मूल असेल तर दोन्ही बंद.

सिंगापूरला सुट्टीला जाणाऱ्यांनी वेगळं लक्षात ठेवावं. तिथे १ फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप बाळगणं आणि ओढणंच बेकायदा आहे, मूल शेजारी असो वा नसो. १ सप्टेंबर २०२५ पासून शिक्षा आणखी कडक केली, पहिल्याच वेळी प्रौढाला ७०० सिंगापूर डॉलर. आपल्या कायद्याने धंदा बंद केला आणि ओढणं सोडून दिलं, त्यांनी दोन्ही धरलं.

नियम लिहायचाच असेल तर नमुना न्यूझीलंडचा घ्या: वय १८, चालती-उभी दोन्ही, काच कशीही. तिथे वाद घालायला फटी कमी राहतात.

शाळापूल_गोरेगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. कलमांचा घोळ सुटला. दोन उपप्रश्न. पूल बंद असतो त्या दिवशी मुलं व्हॅनने किंवा टॅक्सीने जातात, तिथे कोटपा लागतो का? आणि ज्या गाडीत आधीच वर्षभर ओढलं गेलंय ती साफ कशी करायची? ते पालक थांबायला तयार होतील असं दिसतंय, पण आतला गोड वास जात नाही.

कलम_चार

काळी-पिवळी, रिक्षा, ॲपवरची कॅब, बेस्टची बस, स्कूल व्हॅन ही सगळी सार्वजनिक वाहनं, म्हणजे सिगारेट-विडीला तिथे कोटपा कलम ४ सरळ लागतं. सार्वजनिक वाहनांतल्या धूम्रपानाला देशभर मनाई झाली तीसुद्धा एका मुंबईकराच्या याचिकेवर. मुरली देवरा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला तो आदेश दिला होता. व्हेपला व्याख्येची तीच अडचण राहते, पण इथे तुमच्या हातात दुसरे दोर आहेत.

स्कूल व्हॅन-बससाठी महाराष्ट्रात २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली. तक्रार तिथे लेखी द्या, पोच घ्या. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, रस्ता, गाडीत किती मुलं होती, एवढं लिहा. "ड्रायव्हर नेहमी ओढतो" या वाक्यावर समितीला काही करता येत नाही. "सकाळी ६.५० ला आरे रोडच्या सिग्नलला, गाडीत ९ मुलं" यावर करता येतं. समितीने दाद दिली नाही तर आरटीओ. ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली यांपैकी गाडी जिथे नोंदली आहे तिथे अर्ज करा, समितीची पोच जोडून. टॅक्सीत ॲपवरून प्रवास असेल तर प्रवास संपायच्या आत ॲपमध्येच सुरक्षेची तक्रार टाका, म्हणजे त्या फेरीची नोंद तिच्याशी जोडली जाते. चालकाचा फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर फिरवणं टाळा, त्याने तक्रार कमजोर होते.

गॅरेज_भांडुप

गाडीच्या सफाईबद्दल. सुगंधी फवारा मारून हे जात नाही, वरून आणखी एक थर बसतो, आणि डॅशबोर्डवरची जेलची डबी काढून टाका. क्रम महत्त्वाचा आहे, वरून खाली.

आधी काचा. प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा चिकट पातळ थर पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला बसतो. दिवसा दिसत नाही, रात्री समोरच्या हेडलाइटने काच दुधाळ दिसते, पावसात जास्तच. साध्या पाण्याने पुसलात तर थर पसरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकवर डाग पडतात. मायक्रोफायबरची दोन फडकी ठेवा, एक ओलं, एक कोरडं. काळी फिल्म लावलेली काच असेल तर तिथे अल्कोहोल वापरू नका, सौम्य साबणाचं पाणी.

मग छताचं अस्तर. घोळ इथेच होतो. अस्तर फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं. भिजवलं की गोंद सुटतो, अस्तर लोंबतं, आणि ते पुन्हा बसवणं खर्चाचं काम. फेसाचा क्लीनर फडक्यावर घेऊन टिपत टिपत पुसा, घासू नका, एका वेळी हातभर जागा.

सीटना आधी व्हॅक्यूम, मग एक्स्ट्रॅक्शन मशीनने धुणं, म्हणजे पाणी सोडून लगेच ओढून घेणारं. त्या मशीनशिवाय सीट भिजवल्या तर मुंबईच्या दमटपणात दोन-तीन दिवस वाळत नाहीत आणि बुरशीचा वास वेगळाच येतो. हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करायचं असेल तर कोरडा दिवस बघून सकाळी करा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने धरून ठेवा, सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका. मुलांच्या चाइल्ड सीटचं कव्हर पुस्तिकेप्रमाणे धुवा, पण तिचे पट्टे बुडवू नका, मशीनला टाकू नका, ब्लीच तर नाहीच. त्याने पट्ट्याची ताकद जाते.

शेवटी एसी. बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडा, मागे झाकण दिसेल. जुना फिल्टर झटकून परत लावू नका, नवा घाला, आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर असलेला घ्या. साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, वास आणि वायू नाही. हवेच्या प्रवाहाचा बाण फिल्टरच्या कडेला छापलेला असतो, तो उलटा बसवणारे पुष्कळ. एसीच्या आत हवा थंड करणाऱ्या इव्हॅपोरेटर कॉइलवरही थर असतो, त्याचा फोम क्लीनर गॅरेजमध्येच मारून घ्या, कारण ड्रेनचा पाइप तुंबलेला असेल तर सगळं पाणी पायाशी येतं. कार्बन फिल्टर बसवला म्हणजे आता गाडीत ओढायला हरकत नाही, असं मात्र समजू नका. झुरका आणि मूल यांच्या मध्ये फिल्टर नसतो.

आणि व्हेप गाडीत ठेवूच नका म्हणावं. आत लिथियम बॅटरी असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही, तिथे ती फुगू शकते, पेटूही शकते.

बालछाती

ते पालक थांबायला तयार असतील तर त्यांना नुसता नियम देऊ नका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८०० ११ २३५६, निःशुल्क. या सेवेचं एक केंद्र परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. निकोटिनची तलफ सकाळी उठल्यावर तासाभरात जोरात असते आणि शाळेचा फेरा नेमका त्याच वेळी. २ मिलिग्रॅमची निकोटिन गम औषधाच्या दुकानात मिळते, मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी. ती चुइंगमसारखी सतत चघळायची नाही. झणझणेपर्यंत चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा. आधीच्या १५ मिनिटांत चहा-कॉफी नको, तोंडातल्या आम्लामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि "गमने काही होत नाही" म्हणून माणूस पुन्हा व्हेपकडे वळतो. गमचं पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, त्यातही निकोटिनच आहे.

धूरमुक्त_परळ

नियमाचा मसुदा देते, हवा तसा बदला.

"पूलच्या कोणत्याही गाडीत, १८ वर्षांखालील कुणी गाडीत असो वा नसो, सिगारेट, विडी, ई-सिगारेट, व्हेप, तापवलेली तंबाखू किंवा हुक्का ओढला जाणार नाही. गाडी चालू असो वा उभी, काच उघडी असो वा बंद, हा नियम लागू राहील. पूलच्या फेऱ्यात अशी उपकरणं, पॉड किंवा द्रव गाडीत कुठेही, ग्लव्ह बॉक्स आणि डिकीसह, ठेवला जाणार नाही. नियम मोडल्यास त्या घराची पाळी महिनाभर बाकीची घरं चालवतील. मुलांची जागा मात्र पूलमध्ये कायम राहील."

"असो वा नसो" मुद्दाम घातलंय, सीटवर साचणाऱ्या निकोटिनबद्दल वर लिहिलंय म्हणून.

शाळापूल_गोरेगाव

शेवटचं वाक्य फार बरं केलंत, मुलांची जागा तुटेल याचीच सगळ्यांना भीती होती. दंड ठेवावा असं दोघांचं म्हणणं आहे, ५०० रुपये वगैरे. ठेवू का?

कलम_चार

नको. पैसे भरले की झालं, असं होऊन बसतं, आणि वसूल कोण करणार यावरून पाच घरांत नवं भांडण. पाळी काढून घेणं पुरेसं आहे. त्या महिन्याचं पेट्रोल मात्र त्या घराने नेहमीच्या हिश्श्याने द्यावं, एवढं मसुद्यात जोडा. आणि कागदावर दोन्ही पालकांच्या सह्या घ्या, फक्त गाडी चालवणाऱ्याची नको. फेरा ऐन वेळी बदलतो तेव्हा दुसराच गाडी काढतो.